घरी गाडी रंगवली, क्लिअर कोट धुरकट आला: घासून निघेल की पुन्हा मारावा लागेल?

कोकणी_स्पॅनर | ३१ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

गाडी २००९ ची आय१०, गडद निळी मेटॅलिक. वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून छताचा आणि बॉनेटचा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) पापुद्रे सुटून निघायला लागला होता. त्यात डावा फेंडर कुणीतरी बाजारात घासून गेला. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा आणि गाडीची आजची किंमत यांचा मेळ काही बसेना. मामेभावाकडे कॉम्प्रेसर आहे, गन आहे, चिपळूणच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. म्हटलं, घरीच उरकू.

केलं ते असं. जुना क्लिअर ३२० च्या पेपरने उतरवला, सरफेसर (रंगाखालचा सपाटी आणणारा थर) मारला, मग ६०० आणि ८०० चा वॉटर पेपर. बेस कोट (म्हणजे खरा रंग) दुकानातून कलर कोड देऊन मिक्स करून आणला, तो झकास बसला. त्यावर टूके (हार्डनर मिसळून घट्ट होणारा) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन क्लिअर, हार्डनर डब्यावरच्या मापाने, गनला १.४ चं नोझल. आधी फेंडर, मग छत, शेवटी बॉनेट. पावसाने उघडीप दिली होती.

मारलं तेव्हा तिन्ही लखलखीत. सकाळी दार उघडून बघतो तर बॉनेटवर मधोमध दुधाळ झाक. छत हाताला खरखरीत, मधल्या पट्ट्यात चमक पार मेलेली. फेंडर खरं तर बरा होता, पण भावाने उत्साहात लगेच कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) लावून मशीन फिरवलं, आता उन्हात त्यावर धुरकट वलयं दिसतात.

हे सगळं पॉलिशने निघेल का? की पुन्हा शून्यापासून?

---

खवचट_आजोबा | ३१ जुलै, रात्री १०:३१

जुलैत चिपळुणात चड्डी-बनियन वाळत नाही आणि तुम्ही गाडी वाळवायला काढलीत. धाडसाला साष्टांग दंडवत.

---

चाकणचा_चक्रम | ३१ जुलै, रात्री ११:०५

आजोबा, असू द्या हो. धागाकर्त्या, थोडी माहिती दे म्हणजे अंदाजपंचे बोलायला नको.

थिनर कुठला? क्लिअरचाच की वेगळा? कॉम्प्रेसर आणि गनच्या मध्ये पाणी पकडणारा फिल्टर होता का, आणि असला तर कुठे? दोन कोटांमध्ये किती थांबलास? शेडमध्ये साधारण तापमान काय असेल? आणि हार्डनरचा डबा नवा फोडलास की आधीचा उघडलेला होता?

मी गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपला काम करतो, पण आमच्याकडे बॉडी १४० अंशांच्या भट्टीतून जाते, तिथली अक्कल तुझ्या शेडमध्ये जशीच्या तशी लागू होणार नाही. रिपेअरचा क्लिअर बूथमध्ये फार तर ६० अंशांवर अर्धा तास भाजतात. घरी तेवढंही नाही, म्हणजे सगळी मदार हवेवर.

---

कोकणी_स्पॅनर | १ ऑगस्ट, सकाळी ८:२०

हार्डनर नवा. फिल्टर म्हणजे कॉम्प्रेसरलाच चिकटलेली छोटी काचेची वाटी आहे तेवढीच. दोन कोटांमध्ये चहा घेण्याइतपत वेळ. तापमान २८-२९ असावं.

थिनरचं म्हणाल तर फेंडर आणि छताला पीयूचा थिनर होता, तो बॉनेटला येईपर्यंत संपला. शेडमध्ये गेट रंगवायला आणलेल्या थिनरचा कॅन पडला होता, तो घातला. दुकानदार त्याला नुसतं ‘थिनर’ म्हणतो.

---

रंगारी_उद्यमनगर | १ ऑगस्ट, दुपारी १:४०

भावा, एका गाडीवर तीन आजार घेऊन आलायस. तिन्हीला एकच औषध चालणार न्हाई.

धुरकटपणा कुठं बसलाय ते आधी हुडक. क्लिअरच्या वरच्या तोंडावर हाय, का पोटात हाय, का त्याच्याबी खाली बेसवर हाय. वर असला तर घासून निघतोय. पोटात असला तर तू कितीबी घास, क्लिअर नुसता पातळ करशील आणि धूर हाय तिथंच राहील. लोक इथंच फसत्यात. दिसलं धुरकट की लागले मशीन घेऊन.

बघायचं कसं? गाडी शाम्पूनं धू, कोरडी पुस, सावलीत घे. मग पॅनेलवर पाणी मार, सलग थर राहील असं. पाणी हाय तोवर रंग गडद आणि स्वच्छ दिसला तर दोष वरचा. वरची खरखर पाण्यानं भरून निघती, म्हणून ती दिसंनाशी होती. पाण्याखालनंबी दुधाळच दिसला तर दोष आतला.

दुसरं, नखानं दाबून बघ. मधी नको, बॉनेट उघडून आतल्या कडंला जिथं फवारा गेलाय तिथं. नखाची खूण उमटून राहिली तर क्लिअर अजून कच्चा हाय, त्याला हात लावू नको. कच्च्या क्लिअरला पेपर लावला की पेपरवर चिकट गोळ्या धरत्यात आणि त्याच गोळ्या खोल चरे पाडत्यात.

माझा अंदाज आत्ताच सांगतो. छत म्हणजे ड्राय स्प्रे, थेंब पोचायच्या आधीच वाळल्यात. फेंडर कच्चा असताना बफ मारलाय. बॉनेटला थिनर नडलाय. पाणी मारून बघ आणि सांग.

---

डिटेलिंग_दादा | १ ऑगस्ट, दुपारी ३:१५

एवढा बाऊ कशाला? चांगलं कटिंग कंपाउंड घ्या, लोकरी पॅड लावा, तिन्ही पॅनेल तासाभरात चकाचक. वर वॅक्स. मी गिऱ्हाइकांच्या गाड्यांना हेच करतो.

---

रंगारी_उद्यमनगर | १ ऑगस्ट, दुपारी ३:५०

दादा, तुमचं गिऱ्हाईक दोन पाण्यानंतर परत येतंय का न्हाई ते सांगा. कंपाउंडमधलं तेल आणि वरचं वॅक्स चऱ्यांत भरून बसतंय, धुतलं की निघून जातंय. पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून फडक्यानं पुसा, मग उन्हात बघा खरं काय ऱ्हायलंय ते. आणि ताज्या रंगावर वॅक्स? आतलं सॉल्व्हंट जाणार कुठनं?

---

रसायनी_नव्हे_रसायनवाली | १ ऑगस्ट, रात्री ९:३०

रंगारीदादांचं निदान पटलं. मी बरीच वर्षं रंगाच्या कारखान्यात क्वालिटीला होते, तेव्हा बॉनेटचं कारण जरा उलगडून सांगते.

‘नुसता थिनर’ म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा एनसी थिनर असतो, नायट्रोसेल्युलोजच्या रंगांसाठीचा. तो स्वस्त असतो, पटकन उडतो आणि त्यात बऱ्याचदा अल्कोहोल असतं. टूके क्लिअरमध्ये हार्डनरचं काम असतं रेझिनशी जोडलं जाऊन जाळं विणणं. हार्डनर म्हणजे आयसोसायनेट, त्याला अल्कोहोल दिसलं की ते त्याच्याशीही जोडलं जातं. तुम्ही हार्डनर मापाने घातलंत, पण त्यातलं काही थिनरनेच खाल्लं. जाळं अर्धवट राहिलं, म्हणून वरून कोरडं आणि आतून मऊ.

दुसरा फटका हवेचा. पटकन उडणारा थिनर पत्रा गार करतो. हातावर स्पिरिट लावलं की गार लागतं, तेच. आता आकडे बघा. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू येतो सव्वापंचवीसच्या आसपास. म्हणजे रंगाचा ओला थर पावणेतीन अंशांनी गार झाला की त्यावर चक्क दव पडणार. पूल, टाक्या, जहाजं रंगवणाऱ्यांचा नियमच असतो की पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. तुमची शेड गन हातात घेण्याआधीच नापास होती. पुण्यात फेब्रुवारीतल्या दुपारी ३० अंश आणि ३० टक्के असेल तर दवबिंदू साडेदहाच्या आसपास राहतो. तिथे जवळजवळ वीस अंशांची सवड मिळते, म्हणून तिकडे रस्त्याकडेला मारलेला रंगही खपून जातो.

आणि आयसोसायनेटवर पाणी पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याचे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे थरातच अडकतात. तुम्हाला दिसते ती दुधाळ झाक त्यातूनही येते. ती घासून निघत नाही, कारण ती पूर्ण जाडीभर आहे.

आता एक वेगळं विचारते. मास्क कुठला घातला होता?

---

कोकणी_स्पॅनर | १ ऑगस्ट, रात्री ९:४८

एन९५. भावाने गमछा बांधला होता. 😬

---

रसायनी_नव्हे_रसायनवाली | १ ऑगस्ट, रात्री १०:१०

दोन्हींचा उपयोग नाही. एन९५ कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अजिबात नाही. गमछा काहीच अडवत नाही.

टूके हार्डनरचा फवारा श्वासातून गेला की काही जणांना त्याची ॲलर्जी बसते. एकदा बसली की पुढे अगदी किरकोळ संपर्कानेही दम्याचा झटका येतो आणि ती सहसा जात नाही. नाकाला वास येईल तेव्हा सावध होऊ, असं म्हणायचीही सोय नाही. वास येतो तो थिनरचा. हार्डनर धोक्याच्या पातळीला असतानाही नाकाला कळत नाही.

बाहेर मोकळ्यावर एखादं पॅनेल मारणार असाल तर किमान सेंद्रिय वाफेची काडतुसं आणि कणांचा फिल्टर दोन्ही असलेला रबरी मास्क, नवी काडतुसं, चेहऱ्याला घट्ट (दाढी असेल तर बसत नाही), बंद गॉगल, नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या. रोज मारणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्कच हवा.

---

खवचट_आजोबा | १ ऑगस्ट, रात्री १०:२५

आयसोसायनेट म्हणजे ते भोपाळचंच ना?

---

रसायनी_नव्हे_रसायनवाली | १ ऑगस्ट, रात्री १०:३४

घराणं तेच, पण तो पदार्थ हा नाही. भोपाळला १९८४ मध्ये गळाला तो मिथिल आयसोसायनेट, खोलीच्या तापमानालाच भराभर उडणारा. गाडीच्या हार्डनरमध्ये मोठे, जड रेणू असतात, ते डब्यातून सहज उडत नाहीत. पण गनने आपण त्यांचं धुकं करून नाकापुढे उडवतो, मग जड असण्याचा फायदा राहत नाही.

---

रंगारी_उद्यमनगर | १ ऑगस्ट, रात्री ११:००

ताई बरोबर बोलत्यात. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद जन्मभर तोंडाला रुमाल बांधून मारायचे. आता दम्याचा पंप खिशात घेऊन फिरत्यात, दुकानाच्या पायरीवर बसून सल्ला देत्यात, आत पाय ठेवत न्हाईत. मी काडतूसवाला मास्क घेतला तवा आमची पोरं हसली. हसू देत.

---

मीरा_डोंबिवली | २ ऑगस्ट, सकाळी ११:१५

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका काकांनी स्कूटरला असंच काहीतरी मारलं होतं. शेजारच्या पांढऱ्या गाडीवर निळे ठिपके, सेक्रेटरीची नोटीस, सगळं झालं. पण मला हे वाचून वेगळीच काळजी वाटली, वर पहिल्या मजल्यावर लहान मुलं होती. सोसायटीत करूच नये ना हे?

---

चाकणचा_चक्रम | २ ऑगस्ट, सकाळी ११:४०

@मीरा, अजिबात नाही. घासणं-पॉलिश करणं पार्किंगमध्ये खुशाल करा, पाण्याचा चिखल होईल एवढंच. गनने फवारायचं काम वस्तीपासून लांब, आणि आसपास मोटरची ठिणगी, गॅस, विडी काही नको. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते.

---

कोकणी_स्पॅनर | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

चाचण्या केल्या.

छत: पाणी मारलं आणि खाली निळा रंग मस्त खोल दिसला. पाणी ओघळलं की पुन्हा मेलेला. म्हणजे वरचाच दोष.

फेंडर: पाण्याखाली वलयं गायब. नखाची खूण उमटत नाही.

बॉनेट: इथे घोळ आहे. कडेचा वीतभर पट्टा पाण्याखाली स्वच्छ दिसतो, मधला भाग मात्र दुधाळच. आतल्या कडेला नख दाबलं तर खूण राहते, हळूहळू बुजते.

आजोबांना वाटेल तसं हसू द्या, पण पुढे काय?

---

रंगारी_उद्यमनगर | ३ ऑगस्ट, रात्री ८:३०

कडंला स्वच्छ दिसतंय कारण तिथं थर पातळ बसलाय, सॉल्व्हंटला निघून जायला वाट मिळाली. मधी जाड. बॉनेटला आता हात लावू नको. छत आणि फेंडर करूया.

छत अजून आठवडाभर राहू दे. पावसाळ्यात डब्यावर लिहिलेल्या वेळेवर इसवास ठेवू नको. मग असं कर.

१५०० चा वॉटर पेपर बादलीत भिजत घाल, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब. पेपर रबराच्या ब्लॉकला गुंडाळ. नुसत्या बोटानं घासू नको, बोटांच्या रेघा उमटत्यात. छताच्या कडा आणि जिथं पत्र्याला धार हाय तिथं मास्किंग टेप लाव. धारेवर क्लिअर सगळ्यात पातळ असतोय, पहिला तिथंच उडतोय.

हलका हात. वजन ब्लॉकचं, तुझं नव्हं. थोडं घासलं की वायपरनं पाणी ओढ आणि आडवा वाकून उजेडात बघ. घासलेला भाग मॅट दिसंल आणि त्यात बारीक बारीक चमकणारे ठिपके दिसतील. ते खोलगट ऱ्हायलेले भाग. ठिपके संपत आले की थांब. एखादा ठिपका ऱ्हायला तर राहू दे. त्या एका ठिपक्यापायी लोक बेस उघडा पाडत्यात.

ब्लॉकखालनं येणाऱ्या पाण्यावर डोळा ठेव. पांढरट आलं पाहिजे, तो क्लिअर. निळसर झाक आली की हात काढ, तू बेसला टेकलास, आणि मेटॅलिक बेस घासून परत जुळत न्हाई.

१५०० झालं की बादलीतलं पाणी बदल. जुन्या पाण्यातला एक खडा पुढचं सगळं घालवतोय. मग २००० आडवं, मग ३००० उभं. दिशा बदलली की आधीचे चरे गेले का ते कळतंय. ३००० नंतर छत सगळीकडं एकसारखं धुरकट दिसंल. घाबरू नको. आता कंपाउंड.

मशीन रोटरी असंल तर १२०० ते १५०० आरपीएमच्या वर जाऊ नको. आणि एक हात जोडून सांगतो, अँगल ग्राइंडरला पॅड लावून बफ मारू नको. त्यो ११,००० नं फिरतोय. क्लिअर जळून पिवळा पडायला डोळं मिटायचाबी वेळ लागत न्हाई. असली जळकी बॉनेटं महिन्याला एक तरी येतीय माझ्याकडं.

---

चाकणचा_चक्रम | ३ ऑगस्ट, रात्री ९:१०

भर घालतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. घरी दोन भरपूर ओले कोट दिलेत तर त्याच्या आसपास किंवा थोडं जास्त. १५०० च्या पेपरवरचा कण साडेबारा मायक्रॉनच्या घरात असतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा १५०० वर यायची चैन परवडत नाही. एकदाच, नीट.

आणि छत का बिघडलं ते लक्षात घे. उंची पुरत नाही म्हणून मधल्या भागावर हात लांबवून मारतो, गन पॅनेलपासून दूर जाते आणि तिरकी होते. थेंब पोचेपर्यंत अर्धे वाळतात आणि पिठासारखे बसतात. शिवाय दुसऱ्या बाजूने मारताना उडालेला तुषार आधीच्या अर्ध्यावर पडतो. स्टूल घे, एका कडेपासून मध्यापर्यंत ये, लगेच पलीकडे जाऊन मध्यापासूनच पुढे चालू कर, मधली कड ओली असतानाच. गरम हवेत स्लो (सावकाश उडणारा) थिनर.

---

खवचट_आजोबा | ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

आता जरा अवांतर, पण अगदीच नाही.

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. तिला ड्यूको मारायचे. ड्यूको म्हणजे ताईंनी सांगितलं तेच नायट्रोसेल्युलोज. दादरला आमचा पेंटर जून लागला की गाडी घ्यायलाच तयार नसे, आणि घेतली तर पांढरी पडणार हे गृहीत धरून घेई. पांढरी पडली की गनमध्ये नुसता सावकाश उडणारा थिनर भरून त्याचा एक हलका हात मारायचा. बघता बघता पांढरेपणा विरायचा आणि काळाभोर रंग वर यायचा. मी खुर्ची टाकून बघत बसायचो. नंतर रबिंग तर कायमचंच, ड्यूको गनमधून चमकत बाहेर पडत नसे, चमक मनगटाने आणावी लागे.

तर प्रश्न असा, की या पोराच्या बॉनेटवर तोच थिनरचा हात का मारू नये?

---

रसायनी_नव्हे_रसायनवाली | ४ ऑगस्ट, सकाळी ९:२०

आजोबा, प्रश्न अगदी नेमका आहे. ड्यूको नुसता वाळतो, सॉल्व्हंट उडून जातं एवढंच. थिनर पडला की तो पुन्हा विरघळतो, अडकलेली ओल बाहेर पडते आणि थर पुन्हा सपाट बसतो. टूके मात्र रासायनिक जोडणीने घट्ट होतो. एकदा जाळं विणलं गेलं की थिनरने उलगडत नाही. अर्धवट विणलेल्या थरावर थिनर मारला तर तो फुगतो, सुरकुततो, कधी खालचा बेसही उचलतो.

अर्थात याचाच उपयोग बॉनेटची परीक्षा घ्यायला होईल. महिनाभराने आतल्या कडेला पीयू थिनरमध्ये भिजवलेलं फडकं दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. क्लिअर तसाच राहिला तर थर धरलाय, त्याच्यावर घासून नवा क्लिअर देता येईल. मऊ पडला, चिकटला, फडक्याला लागला तर तो पूर्ण काढण्याशिवाय इलाज नाही. कच्च्यावर पक्का मारला की वरचा आकसतो आणि खालचा फाटतो.

---

डिटेलिंग_दादा | ४ ऑगस्ट, सकाळी १०:००

ठीक आहे, बॉनेटबद्दल माझा मुद्दा मागे घेतो. फेंडरबद्दल नाही. तिथे फक्त होलोग्राम (ती धुरकट वलयं) आहेत, त्याला १५०० वगैरे लावू नका. मऊ फोम पॅड, बारीक पॉलिश, डीए मशीन (डोलत फिरणारं, रोटरी नव्हे), संपला विषय.

---

रंगारी_उद्यमनगर | ४ ऑगस्ट, सकाळी १०:१२

हे मात्र लाखातलं बोललात. +१.

---

सह्याद्री_सारथी | ४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली). आरटीओची काही भानगड होते का यात? विमा?

---

चाकणचा_चक्रम | ४ ऑगस्ट, दुपारी १२:४१

आरसी बुकात लिहिलेला रंगच मारलाय, त्यामुळे नाही. रंग बदलला तर मात्र आरटीओत नोंद करावी लागते.

---

कोकणी_स्पॅनर | १८ ऑगस्ट, रात्री ९:५५

छत झालं! ठिपके बघण्याची युक्ती नसती तर मी नक्की बेसपर्यंत गेलो असतो, कारण हात थांबत नाही. ३००० नंतर छत राखाडी मॅट झालं तेव्हा भाऊ म्हणाला, ‘आता याला असंच ठेव, हल्ली फॅशन आहे.’ कंपाउंडच्या पहिल्याच फेरीत पॅडच्या मागोमाग निळा उमटायला लागला. आयपीएने (त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसूनही टिकला. मागच्या काचेजवळ उजव्या कोपऱ्यात थोडी खरखर ठेवली आहे, तिथे पत्र्याला धार आहे आणि मला धोका घ्यायचा नव्हता.

फेंडर दादांच्या पद्धतीने. वलयं गेली. दादांचे आभार.

बॉनेटची थिनर परीक्षा महिनाभर न थांबता आजच घेतली. फडकं उचललं तर त्यावर चिकट दोरे आले.

---

रंगारी_उद्यमनगर | १८ ऑगस्ट, रात्री १०:२०

मग उतरव. घाई नको, दसऱ्यानंतर कर. तवर गाडी चालव, पण वर कव्हर घालू नको. पावसाळ्यात कव्हरखाली ओल कोंडती आणि कच्च्या क्लिअरला फोड येत्यात. उघडी, वारा लागंल अशी ठेव.

उतरवताना पहिल्यांदा प्लास्टिकच्या पट्टीनं बघ, मऊ असंल तिथं सालपट निघंल. मग ३२० कोरडा, पेपर सारखा बदलत. बेसबी जाणार, वाईट वाटून घेऊ नको. सरफेसर शाबूत ऱ्हायला म्हणजे मिळवलं. ६००, ८००, बेस, क्लिअर. सगळं बॉनेट एका दमात, मधी जोड न्हाई.

ऑक्टोबरात सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान मार, सावलीत. सकाळी लवकर दव असतंय आणि संध्याकाळी किडं येऊन बसत्यात. पहिला कोट हलका, बोटाला नुसता चिकट लागंस्तवर थांब (मास्किंग टेपवर बोट लावून बघायचं, पॅनेलवर न्हाई), मग दुसरा भरून. दोनच.

---

चाकणचा_चक्रम | १८ ऑगस्ट, रात्री १०:४५

आणि ती काचेची वाटी कॉम्प्रेसरवरून काढ. दाबलेली हवा टाकीतून गरम निघते, पाणी वाफेच्या रूपात वाटीतून सरळ पुढे जातं आणि पाइपात गार झाल्यावर त्याचं पाणी होतं. लांब पाइप घे, फिल्टर गनकडच्या टोकाला लाव. सुरू करण्याआधी टाकीच्या बुडाचा कॉक उघडून पाणी काढ. कोकणात त्यातून किती निघतं ते बघून थक्क होशील.

---

कोकणी_स्पॅनर | ९ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

बॉनेट झालं. थिनर, हार्डनर, क्लिअर तिन्ही एकाच कंपनीचे, मास्क ताईंनी सांगितला तसा, भावालाही. टाकीचा कॉक उघडला तर तांब्याभर गढूळ तांबूस पाणी निघालं, तेच मागच्या वेळी गाडीवर जात होतं. क्लिअरमध्ये दोन किडे आणि एक केस आहे, २००० ने काढीन. दुधाळपणा नाही.

हार्डनर अर्धा उरलाय. पुढच्या वर्षी मागच्या बंपरला चालेल का?

---

रसायनी_नव्हे_रसायनवाली | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१०

बहुधा नाही. उघडलेल्या डब्यात हवेतली ओल शिरलेलीच असते. गढूळ दिसला, खडे धरले किंवा वर साय आली तर वापरू नका, आणि चिपळूणचा एक पावसाळा जाणार आहे मध्ये.

ठेवणारच असाल तर लहान बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा राहणार नाही. पण डब्यात पाणी गेल्याचा जरासाही संशय असेल तर झाकण घट्ट लावून कपाटात ठेवू नका. आत वायू तयार होत राहतो आणि डबा फुगून फुटतो. मिसळलेला उरलेला क्लिअर मात्र उघड्यावर तसाच कडक होऊ द्या, मग टाका. मोरीत ओतू नका.